ही कृती अलीकडे कोणी करून पाहिली?

जुन्या घरात पाककृतींची एखादी वही हमखास सापडते. हळदीचे डाग पडलेली, कडा झिजलेली, शिवण सुटलेली. तिच्यात ‘दोन आण्यांचे जायफळ’, ‘शेगडीत निखारे राहतील इतपत आच’, ‘मापटेभर तांदूळ’ असले उल्लेख असतात. ज्या बाईने ते लिहिले तिला ते लख्ख कळत होते. तिच्या सुनेलाही कळले असेल. नातसुनेपर्यंत येता येता आणे गेले, शेगडी गेली, मापटे माळ्यावर गेले. पदार्थ तोच, वहीही तीच, पण कृती मात्र चालेनाशी झाली. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि घराघरांत पोचले, त्याचे एक कारण हेच सांगतात की त्यांनी मापे वाटी-चमच्यात दिली. नव्या स्वयंपाकघरात जे हाताशी होते, त्याच भाषेत त्या बोलल्या.

कृती लिहिणे ही एक गोष्ट आणि ती चालती ठेवणे ही दुसरी. आज ज्या विषयावर लिहितो आहे तो वरवर पाहता स्वयंपाकघरापासून फार लांबचा वाटेल. विषय आहे संगणकाचा, त्यातही ‘ओपन सोर्स’ म्हणतात त्या मुक्त प्रणालींचा, आणि त्यातही त्यांच्यासोबत येणाऱ्या सूचनांच्या कागदाचा. पण ज्यांच्या घरात कोणी मुलगा किंवा मुलगी संगणक शिकते आहे, त्यांनी हा लेख जरूर वाचावा. त्या मुलांच्या पुष्कळशा रात्री या कागदापायी वाया जातात, आणि घरच्यांना वाटते की यांचे अभ्यासात लक्ष नाही.

शिधा आणि भात

ओपन सोर्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. संगणकाचा कार्यक्रम तयार करून नुसता हाती ठेवायचा नाही, तर तो ज्या मजकुरातून तयार झाला तो मजकूर, म्हणजे सोर्स कोड, जगापुढे मांडायचा; ज्याला हवे त्याने तो वाचावा, बदलावा, पुढे द्यावा, अशी ही कल्पना. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. तेव्हा ही चळवळ परकी नाही, आपल्या खिशातच आहे.

मात्र सोर्स कोड म्हणजे शिधा, भात नव्हे. तो शिजवावा लागतो. माणसाला वाचता येणाऱ्या मजकुराचे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. प्रकल्प मोठा असला की त्यात हजारो फायली असतात. कोणती आधी घ्यायची, कोणती नंतर, कुणाचे कुणावाचून अडते, हे सांभाळायला एक मुकादम लागतो. त्या मुकादमाला म्हणायचे बिल्ड टूल. आणि या मुकादमाला कामाला कसे लावायचे, त्याआधी घरात काय काय आणून ठेवायचे, हे सांगणारा जो कागद शिध्यासोबत येतो, त्याचे नाव बहुधा ‘रीडमी’, म्हणजे ‘मला वाचा’.

या मुकादमांचा मूळ पुरुष म्हणजे ‘मेक’. त्याच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या एका सहकाऱ्याने अख्खी सकाळ एका चुकीच्या शोधात घालवली. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती. फक्त दुरुस्त झालेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. दुरुस्ती कागदावर, आणि ताटात जुनाच भात! फेल्डमन यांनी यावर उपाय म्हणून ‘मेक’ लिहिले. कोणती फाइल बदलली आहे ते पाहून तेवढीच पुन्हा तयार करायची, हे त्याचे काम.

याच कथेचा दुसरा अर्धा भाग अधिक बोलका आहे. ‘मेक’ला द्यायच्या आज्ञेची ओळ टॅबने सुरू झाली पाहिजे, साध्या मोकळ्या जागेने नाही, असा नियम त्यांनी सहज ठेवून दिला. हा नियम त्रासाचा आहे हे थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आले. पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते, आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी नियम तसाच राहू दिला. डझनभर माणसांची भीड पडली, आणि पुढे जगभरच्या नवशिक्यांना पन्नास वर्षे त्या टॅबला ठेच लागत राहिली. जे आज बदलायला अवघड वाटते, ते उद्या त्याहून अवघड होते, एवढे यातून शिकण्यासारखे आहे.

घर बदलले, पाटी तीच

‘मेक’नंतर पुष्कळ मुकादम आले. १९९१ साली ‘ऑटोकॉन्फ’ आले. प्रत्येक संगणकाची तपासणी करून त्याप्रमाणे मांडामांड करायची, ही त्याची रीत. २००० च्या सुमारास ‘सीमेक’, २०१३ साली ‘मेसन’. अँड्रॉइडच्या जगात ‘ग्रेडल’. दर वेळी बदल करणाऱ्यांकडे सबळ कारण होते: काम वेगाने व्हावे, विंडोजवरही चालावे, आज्ञा सुटसुटीत व्हाव्यात. अशा बदलांविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. तक्रार आहे ती घर बदलूनही दारावरची पाटी तीच राहते, याबद्दल.

आपण पडद्यावर वाचतो त्या मराठी अक्षरांचेच उदाहरण घेऊ. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवलेले ‘लोहित’ फाँट रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली खुले केले. २०११ साली ते ओपन फाँट लायसन्सखाली आले. लिनक्सच्या कित्येक संगणकांवर वर्षानुवर्षे देवनागरी दिसली ती याच अक्षरांतून. अशा अक्षरांचे मूळ उघडून त्यात एखादे जोडाक्षर सुधारायचे असेल तर ‘फाँटफोर्ज’ नावाचे मुक्त साधन आहे. हे साधन स्वतः बांधून घेण्याची जुनी रीत अशी होती: आधी ‘कॉन्फिगर’ चालवा, मग ‘मेक’. मार्च २०२०च्या आवृत्तीपासून फाँटफोर्जने ही रीत सोडली आणि सीमेक घेतले. ज्यांनी बदल केला त्यांच्या दृष्टीने काम झाले. पण इतर ठिकाणी, कोणाच्या टिपणात, कोणाच्या जुन्या पाठात, तीच जुनी दोन वाक्ये राहिली. ती वाचून जो बसतो त्याला उत्तर मिळते की अशी फाइलच नाही. तो पुन्हा सगळे उतरवून घेतो. पुन्हा तेच उत्तर.

पायथन भाषेचे असेच झाले. तिच्या दुसऱ्या पिढीचा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी अधिकृतपणे थांबला. पायथनमधले प्रोग्रॅम बांधून बसवण्यासाठी ‘डिस्टयुटिल्स’ नावाची जी मूळची सामग्री होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. तसे होणार हे दोन वर्षे आधी जाहीर केलेले होते. तरी तिच्या भरवशावर लिहिलेली सूचनापत्रे अजून जागोजाग आहेत.

हे असे का होते? माणसे आळशी असतात म्हणून, हे उत्तर सोपे आहे पण पुरेसे नाही. कोड चुकला तर तो बोंब मारतो. संगणक अडतो, लाल अक्षरे येतात, दुसऱ्या दिवशी कोणीतरी दुरुस्त करतो. सूचनेचा कागद चुकला तर तो गप्प बसतो. शिवाय ज्यांना तो दुरुस्त करता येईल, ते तो कधी वाचतच नाहीत. त्यांच्या संगणकावर सगळी सामग्री केव्हाच बसलेली असते. आपल्या घरचा रस्ता आपण कधी कोणाला विचारतो का? तो विचारतो पाहुणा, आणि पाहुण्यालाच तो बदलल्याचे ठाऊक नसते.

‘माझे काय चुकले?’

पुण्या-मुंबईत ही अडचण निम्मी होते. शेजारच्या खोलीत कोणी जाणता असतो, नोकरीत वरिष्ठ असतो. तो म्हणतो, ‘अरे, ते जुने आहे, सोड, असे कर.’ दोन मिनिटांत काम. रत्नागिरीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, हुशार मुले तर आहेतच. पण सुट्टीत आपल्या गावी गेलेल्या मुलाला असा शेजारी नसतो. त्याच्याजवळ असतो एक संगणक, बहुधा कोणीतरी वापरून दिलेला, फोनवरून घेतलेले इंटरनेट आणि तो कागद. पावसात वीज गेली की थोड्या वेळाने फोनची रेंजही मान टाकते. चुकीच्या सूचनेपायी शेकडो मेगाबाइट उतरवून घेतले आणि ते निरुपयोगी ठरले, तर त्या दिवसाचा डेटा संपला, उद्यापर्यंत थांबा.

संगणक शिकणारी काही मुले सुट्टीत माझ्याकडे येतात. गेल्या दिवाळीत पावसकडच्या एका गावातली, पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी आली होती. तिला शब्दकोशाचा एक मुक्त प्रोग्रॅम आपल्या संगणकावर बांधून त्यात मराठी शब्द घालून पाहायचे होते. सूचनापत्रातली प्रत्येक ओळ तिने वहीत उतरवली होती, पुढे खूण केली होती. तिसऱ्या ओळीपाशी खूण नव्हती. तिथे दोन दिवसांच्या तारखा होत्या आणि खाली लिहिले होते: ‘माझे काय चुकले?’

तिचे काहीच चुकले नव्हते. त्या पानावर तारीख नव्हती, पण मजकुरातल्या आवृत्त्यांवरून ते दहा-एक वर्षांपूर्वीचे असावे हे कळत होते. प्रकल्पाने मधल्या काळात मुकादम बदलला होता. कोड नवा, कागद जुना. मला तिची वही पाहून वाईट वाटले ते एवढ्यासाठी की ‘हा कागद चुकला असेल’ ही शंका तिच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. छापलेले खरे आणि आपण अडाणी, हे आपल्याकडच्या मुलांच्या अंगात लहानपणापासून मुरलेले आहे. त्यातून कागद इंग्रजीत! मग तर शंकेला जागाच नाही. म्हणूनच मला वाटते, सूचना मुळीच नसलेली परवडली. नसली तर मूल म्हणते, ‘लिहिलेले नाही, विचारावे लागेल.’ चुकीची असली तर म्हणते, ‘मला जमत नाही.’ आणि ‘मला जमत नाही’ असे तीनदा म्हटल्यावर मुले विषय सोडून देतात. ती सोडून गेली हे प्रकल्पाला कधी कळतही नाही, कारण न आलेल्या माणसांची नोंद कुठल्याच वहीत होत नसते.

त्या मुलीने मात्र पुढे एक गोष्ट केली. कशाने अडले आणि कशाने सुटले हे कळल्यावर दोन ओळींची दुरुस्ती तिने प्रकल्पाकडे पाठवली. काही दिवसांनी ती स्वीकारली गेली. दोन ओळी! पण त्यानंतर त्या पानावर येणारा कोणी, मग तो ब्राझीलमधला असो की बीडमधला, तिसऱ्या ओळीपाशी अडणार नाही.

ग्रहलाघवाची गोष्ट

हे दुखणे संगणकाबरोबर जन्मलेले नाही. आपल्या कोकणाने ते फार पूर्वी पाहिले आहे आणि त्यावरचा उपायही पाहिला आहे. आजही रत्नागिरी जिल्ह्यात काही घरांत टिळक पंचांग पाळतात, आणि अधिक महिन्याच्या फरकामुळे एखाद्या वर्षी त्यांच्याकडचा सण शेजाऱ्यांपेक्षा महिनाभर वेगळा येतो. मुलांना त्याची मौज वाटते. त्या फरकामागे सूचनापत्र चालते ठेवण्याचाच झगडा आहे.

कोकण किनाऱ्यावरच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचले. ग्रहांची स्थाने काढण्याची ही कृतींची पोथी. तिचे वैशिष्ट्य असे की ज्या-कोज्यांचे किचकट गणित टाळून साध्या आकडेमोडीने काम व्हावे अशी सोय तिच्यात होती. नवशिक्यालाही चालवता यावी अशी कृती! म्हणूनच महाराष्ट्रातली पंचांगे साडेतीनशे वर्षे तिच्यावर चालली. पण आकाश पोथीसाठी थांबत नाही. लहानसा फरक वर्षागणिक साठत गेला आणि एकोणिसाव्या शतकात पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांची फारकत डोळ्यांना दिसू लागली.

केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ साली नव्या गणिताचे पंचांग सुरू केले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक हे डेक्कन कॉलेजात छत्र्यांचे विद्यार्थी. पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे हा आग्रह त्यांनी पुढे नेला. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ लिहून या सगळ्या पोथ्यांचा इतिहासच मांडला. यांपैकी कोणाला गणेश दैवज्ञांविषयी अनादर नव्हता. दुरुस्ती करणे म्हणजे मूळ लेखकाचा अपमान, असे ज्यांना वाटत होते त्यांनीच विरोध केला.

यातली सर्वांत सुंदर गोष्ट गणेश दैवज्ञांच्या वडिलांची आहे. केशव दैवज्ञ स्वतः आकाशाचे वेध घेणारे. त्यांनी आपल्या ग्रंथाच्या संदर्भात सांगून ठेवले आहे की पुढे फरक पडत जाईल, तेव्हा पुढच्या गणकांनी प्रत्यक्ष आकाशाकडे पाहून गणित सुधारून घ्यावे. गणितातल्या अशा दुरुस्तीला आपल्याकडे ‘बीजसंस्कार’ असा नेमका शब्दच आहे. कृती देताना ती जुनी होणार हे मान्य करणे, आणि कशाशी ताडून पाहायचे तेही सांगणे: पाचशे वर्षांपूर्वीच्या या माणसाला जे सुचले ते आजच्या पुष्कळ प्रकल्पांना सुचत नाही.

आकाशाशी ताडून पाहणे

संगणकाच्या सूचनापत्रासाठी आकाश म्हणजे कोणते? तर कोरा संगणक. ज्यावर आधी काहीही बसवलेले नाही अशा संगणकावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन पाहणे, हाच त्याचा वेध. सुदैवाने हे काम आता यंत्राकडूनच करून घेता येते. कोडमध्ये कोणी बदल सुचवला की दूरच्या एका कोऱ्या संगणकावर प्रकल्प आपोआप बांधून पाहिला जातो. पुष्कळ प्रकल्पांत ही सोय आहे. गोम अशी की त्या यंत्राला दिलेल्या आज्ञा एका फायलीत असतात आणि माणसांसाठी लिहिलेल्या दुसरीत. यंत्राची फाइल चुकली तर ओरड होते, म्हणून ती ताजी राहते. माणसांची तशीच पडून राहते. दोघांना एकच कागद दिला तर निम्मा प्रश्न सुटेल. ज्या कोडच्या बदलाने कृती बदलते, त्या बदलासोबत कागदाची दुरुस्ती नसेल तर तो बदल स्वीकारायचाच नाही, हा दुसरा नियम.

मोठ्यांनाही हे सोपे गेलेले नाही. लिनक्सच्या गाभ्यासोबत एक तक्ता येतो: गाभा बांधायला कोणते हत्यार किमान कोणत्या आवृत्तीचे हवे. २०१८ सालापर्यंत त्यात जीसीसी या कंपायलरची किमान आवृत्ती ३.२, म्हणजे २००२ सालची, होती. प्रत्यक्षात इतक्या जुन्या कंपायलरने अनेक प्रकारच्या संगणकांसाठी गाभा नीट बांधलाच जात नव्हता. २०१८ साली ती ४.६ केली, २०२१ साली ५.१. जगातले निष्णात लोक जिथे जमतात तिथे ही कथा, तर चार जणांच्या हौशी प्रकल्पाला दोष काय द्यायचा?

आपल्याकडचे एक चांगले उदाहरणही सांगण्याजोगे आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या साहाय्याने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज दिलेले. बाजूला पाठ लावायचा आणि शेजारी स्वतः करून पाहायचे. खेड्यातल्या मुलाला कोणी शेजारी नाही, ही उणीव त्यांनी बरोबर हेरली. त्यांच्या पाठांत मला सर्वांत आवडते ती एक साधी सवय. सुरुवातीलाच सांगतात की हा पाठ कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आणि कोणत्या आवृत्तीवर केला आहे. पाठ जुना होतोच. चित्रफीत तर कागदासारखी एक शब्द खोडून सुधारताही येत नाही. पण तो कोणत्या दिवसाचा आहे हे ऐकणाऱ्याला कळते, आणि पडद्यावर वेगळे काही आले तर ‘माझे काय चुकले’ असे म्हणण्याऐवजी तो ‘माझी आवृत्ती नवी आहे’ असे म्हणू शकतो. या दोन वाक्यांतले अंतर फार मोठे आहे.

या कामाला मान नाही, हेही खरे. नवी सोय लिहिणाऱ्याचे नाव होते. सूचना नीट करणाऱ्याचे कोणी विचारत नाही. लग्नघरात आचाऱ्याचे कौतुक होते, पण कोठीवर बसून ‘गूळ संपला, आणा’ म्हणणाऱ्या आत्याबाईंची आठवण ती नसली की होते. अनुभवी मंडळींच्या हातून हे काम होणे कठीण, कारण त्यांना कागद लागत नाही. ते नवशिक्यानेच करावे. ज्याची ठेच ताजी आहे त्यालाच दगड कुठे आहे ते नेमके सांगता येते. आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी सहा महिन्यांच्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला एका मुक्त प्रकल्पाचे सूचनापत्र कोऱ्या संगणकावर करून पाहायला लावले, अडले तिथली दुरुस्ती पाठवायला लावली, तर तो कोणत्याही छापील प्रात्यक्षिकापेक्षा मोठा धडा ठरेल. त्याला खर्च नाही. इंग्रजी बेताचे असले तरी चालते. दोन ओळी तर लिहायच्या असतात. आणि छापलेल्या कागदाला प्रश्न विचारता येतो, तो सुधारताही येतो, हे एकदा स्वतःच्या हाताने अनुभवलेले मूल पुढे इतर कागदांकडेही तसेच पाहू लागेल.

घरच्यांनी काय करावे? मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत पडद्यापुढे डोके धरून बसलेली दिसली तर ‘झोप आता’ म्हणण्याआधी एकदा विचारावे: ‘तू जे वाचून करते आहेस ते कधी लिहिलेले आहे?’ संगणकातले ओ की ठो कळत नसले तरी हा प्रश्न कोणालाही विचारता येतो. ज्या आजीने ‘मापटेभर’ खोडून त्यावर ‘चार वाट्या’ लिहिले, तिला तर तो नक्कीच सुचला असता. उत्तर सापडले आणि काम झाले, की मुलाने आपल्या दुरुस्तीखाली एक ओळ जरूर घालावी: अमुक आवृत्तीवर, अमुक तारखेला करून पाहिले; झाले. पुढे येणाऱ्याला तेवढा आधार पुरतो.